एक नस कापायची, दुसरी राखायची

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं की ऑपरेशन थिएटरबाहेर थांबलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "सगळा काढला ना?" वॉर्डातल्या सिस्टरचा प्रश्न काही दिवसांनी येतो आणि तो अगदीच साधा असतो. "मावशी, लघवी झाली का?"

लघवीची नळी त्या सकाळीच काढलेली असते. मावशी तांब्याभर पाणी पितात, बाथरूममध्ये नळ बारीक सोडून बसतात. जेवढी होते तेवढी मापाच्या भांड्यात मोजायची, मग सोनोग्राफीत किंवा पातळ नळी घालून आत किती उरली ते बघायचं. शंभरेक मिलिलिटरच्या आत असली तर बहुतेक ठिकाणी चालतं. तीनशे उरली तर नळी परत. काही जणींना पोट तट्ट फुगलेलं असतानाही "लागल्यासारखं वाटतच नाही हो" म्हणावं लागतं. मूत्राशय जागेवर आहे, त्याला साधा ओरखडाही नाही. मग बिघडलं काय? तर त्याच्यापर्यंत येणारी वायर तुटली आहे.

आपल्याकडे या सगळ्याला "पिशवी काढली" एवढंच म्हणतात. पण अंगावरून फार जातं म्हणून पिशवी काढणं वेगळं आणि कॅन्सरसाठी काढणं वेगळं. कॅन्सरमध्ये गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी आणि मागून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी हेही काढतात, कारण पेशी पसरतात त्या याच वाटांनी. नेमक्या याच पट्ट्यांमधून मूत्राशयाचे चेतातंतू जातात.

हे तंतू दोन दिशांनी येतात. एक जोडी वरून, कमरेच्या शेवटच्या मणक्यासमोरच्या जाळ्यातून निघते आणि मूत्रवाहिनीच्या सोबतीने खाली उतरते. तिचं काम लघवी धरून ठेवण्याचं : भिंत सैल, तोंड बंद. दुसरे तंतू मागून, त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) छिद्रांतून येतात. ते भिंत आवळून लघवी बाहेर ढकलतात. दोन्ही दळं गुदाशय आणि योनी यांच्या कडेला एका चपट्या जाळ्यात मिळतात. तिथून फांद्या फुटतात : एक गर्भाशयाला, एक मूत्राशयाला, काही योनीला आणि गुदाशयाला. म्हणून जाळं दुखावलं की लघवीसोबत बद्धकोष्ठही येतं आणि संबंधाच्या वेळी योनीत ओलावा येईनासा होतो. या शेवटच्या तक्रारीबद्दल आपल्या ओपीडीत बाई सहसा बोलत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत.

ऑपरेशनचा इतिहास आधी जीव वाचवण्याचा आहे. व्हिएन्नामध्ये एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये ही मोठी शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा टेबलावर किंवा नंतरच्या दिवसांत दगावणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. लघवीचा विचार कोण करणार? क्योतोच्या ओकाबायाशींनी १९२१ मध्ये बाजूच्या पट्ट्या आणखी मुळापासून काढायची पद्धत मांडली. रोग जास्त निघाला, पण मूत्राशय लुळं पडू लागलं. उतारा जपानमध्येच सापडला. टोकियोचे कोबायाशी यांनी १९६१ मध्ये दाखवलं की बाजूच्या पट्टीचे दोन थर असतात : वर रक्तवाहिन्यांचा, खाली तंतूंचा. वरचा कापा, खालचा सोडा. हे लिहिलं गेलं जपानी भाषेत, त्यामुळे बाकीच्या जगात पोचायला बराच काळ गेला. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये आपला अनुभव छापला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की पाश्चात्त्य बायकांमध्ये हे जमतं का!

आता जरा आत डोकावू. गर्भाशयाच्या धमनीखालून मूत्रवाहिनी जाते, ती सोडवून बाजूला घेतली की चरबी हळूहळू खरवडत खोल जायचं. तिथे एक निळसर, पातळ भिंतीची नस आडवी दिसते, गर्भाशयाची खोल नस. हीच सरहद्द. मराठीत आपण रक्ताच्या नीलेलाही नस म्हणतो आणि चेतातंतूलाही नसच. इथे मात्र पहिली नस बांधून कापायची आणि तिच्या खालची दुसरी राखायची. कापलेल्या नसेचं टोक उचललं की तिच्यामागे पांढुरके धागे दिसू लागतात, चरबीत रुतलेले. पुढे मूत्राशयाजवळ काम आणखी बारीक होतं. क्योतोचे शिंगो फुजिई यांनी २००७ मध्ये तिथल्या लहान नीला एकेक ओळखून दाखवल्या. त्या सोडवल्या की जाळ्याची गर्भाशयाकडची फांदी तोडता येते आणि मूत्राशयाकडची शाबूत राहते.

वाचायला सोपं वाटतं. पण या नीला चटकन फाटतात, खड्डा रक्ताने भरतो आणि मग हाताला येईल तिथे चिमटा लागतो, टाका पडतो, डाग दिला जातो. तंतू बऱ्याचदा मुद्दाम कापलेच जात नाहीत. रक्त थांबवण्याच्या घाईत जातात. डाग देण्याची उष्णता आजूबाजूला पसरते, आणि नुसत्या जास्तीच्या ताणानेही तंतू महिनोन्महिने बधिर राहतात. माझ्या मते शल्यविशारदाचं खरं कसब इथे कळतं, रोबोटच्या जाहिरातीत नाही.

दुर्बिणीतून हे धागे मोठे दिसतात, रक्तही कमी जातं. दुर्बिणीने ही मोठी शस्त्रक्रिया करण्याची 'पुणे टेक्निक' २००७ मध्ये २४८ रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध झाली आणि बाहेरच्या देशांतही तिचं नाव झालं. मग २०१८ मध्ये अनेक देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६. धागे छान दिसणारी वाट रोगाच्या बाबतीत उणी ठरली आणि जगभरचे सर्जन पुन्हा पोट उघडण्याकडे वळले.

धागे राखल्याने रोग मागे राहतो का, हा प्रश्न रास्तच. आजवरच्या अभ्यासांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसलेला नाही आणि लघवी लवकर सुरळीत होते; मात्र यातले बरेच अभ्यास लहान आहेत. गाठ बाजूच्या पट्टीत शिरलेली असेल, तर तंतू राखण्याचा हट्ट धरायचाच नाही. रोग एकाच बाजूला सरकलेला वाटला, तर निदान दुसऱ्या बाजूचे राखतात आणि तेवढ्यानेही फायदा होतो.

२०२४ मध्ये तर प्रश्नच वेगळा विचारला गेला. गाठ दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी नाही, फार खोल गेलेली नाही, अशा ७०० बायकांमध्ये मोठ्या ऑपरेशनची, बाजूच्या पट्ट्या न काढता केलेल्या साध्या ऑपरेशनशी तुलना झाली. तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचं प्रमाण साध्यात २.५ टक्के, मोठ्यात २.२. चार आठवड्यांनंतरही लघवी तुंबण्याचं प्रमाण मोठ्यात ९.९ टक्के, साध्यात ०.६. तंतू राखायची उत्तम युक्ती म्हणजे तिकडे जायचंच नाही.

पण दोन सेंटीमीटरवर पकडली जाणारी गाठ आपल्याकडे किती जणींची? २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना हा कॅन्सर होतो आणि पुष्कळ जणी येतात तेव्हा रोग बाजूला पसरलेला असतो. तिथे ऑपरेशन नाही, किरणोपचार आणि केमो. त्या किरणांचाही मूत्राशयाला त्रास होतोच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांच्या सहभागाने, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कॅन्सर होण्याआधीचे बदल सापडले तर गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग गोठवतात, भाजतात किंवा तारेच्या कडीने काढतात. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते, आणि कुणाचा हात त्या जाळ्याच्या आसपासही गेलेला नसतो.