पोटगीच्या अर्जावर कलम कोणते, आणि ते का

‘पोटगी मंजूर झाली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणत्या कलमाखाली, अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) की कायम, कोणत्या तारखेपासून, आणि आधीच्या हुकुमातली रक्कम धरून की सोडून, या चार गोष्टी कळल्याशिवाय दर महिन्याला हातात किती येणार याचा हिशेब लागत नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी केलेले कायदे एकाच मराठी शब्दाखाली येऊन बसल्यामुळे हा गुंता झाला आहे. जुन्या कागदांत निदान ‘अन्नवस्त्र’ आणि ‘खावटी’ असे वेगळे शब्द सापडतात. आता सगळ्यालाच पोटगी म्हणतात.

सर्वांत जुना धागा फौजदारी कायद्याचा आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ४८८ बायकामुलांनी रस्त्यावर येऊ नये एवढ्यासाठी होते. पतीपत्नींच्या भांडणाचा निवाडा करणे त्याच्या कक्षेत नव्हते. म्हणूनच ते सर्व धर्मांना लागू होते आणि रकमेवर मर्यादा होती. १९७३ च्या संहितेत तेच कलम १२५ झाले, त्यात घटस्फोटित पत्नी आणि आईवडील आले, पण महिना ५०० रुपयांची मर्यादा तशीच राहिली. ती २००१ मध्ये निघाली. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगी आली आणि तिचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायद्यात लिहिले गेले. साठ दिवसांचे काय होते, हे तारखांना जाणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

दुसरा धागा दिवाणी. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच मिळाला होता. त्याआधी अनेक जातींत काडीमोड आणि फारकत रूढीने चालत होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये ही रूढी राखून ठेवली. त्याचा चुकीचा अर्थ अजून महागात पडतो. स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे फारकतनामा केला म्हणजे घटस्फोट झाला, असे गावोगाव समजले जाते. जातीत अशी रूढी आहे आणि ती अखंड पाळली गेली आहे हे पुराव्याने सिद्ध झाले नाही तर तो कागद निरुपयोगी ठरतो, विवाह कायम राहतो आणि दुसरे लग्न अडचणीत येते.

१९५५ च्या कायद्यात कलम २४ म्हणजे खटला चालू असतानाची पोटगी आणि खटल्याचा खर्च. ती पतीलाही मागता येते. कलम २५ म्हणजे निकालाच्या वेळी किंवा नंतर केव्हाही मागायची कायमची पोटगी. कलम २६ मुलांसाठी. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात कलम १८ पत्नीसाठी आणि कलम २० मुले व आईवडिलांसाठी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या कलम २० ची त्यात भर पडली. एकाच बाईच्या नावावर तीन न्यायालयांत तीन अर्ज दिसतात ते यामुळे. त्यात लबाडी नसते, कायद्यानेच ते दरवाजे उघडे ठेवले आहेत.

फौजदारी धाग्याला धर्माचा प्रश्न १९८५ मध्ये चिकटला. इंदूरच्या शाह बानो या वृद्ध घटस्फोटित मुस्लिम बाईंना दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. एवढ्या रकमेवरून देश ढवळून निघाला, घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आला, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चाही मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले.

मात्र रोजच्या व्यवहारात खरा वाद एका छोट्या वाक्याचा होता. कलम १२५ सांगायचे की पोटगी हुकुमाच्या तारखेपासून, किंवा न्यायालयाने तसे म्हटले तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी. या ‘किंवा’वर उच्च न्यायालयांत दोन मते होती. समजा १ मार्च २०१५ ला अर्ज केला आणि १ नोव्हेंबर २०१६ ला महिना दहा हजारांचा हुकूम झाला. एका मताप्रमाणे थकबाकी शून्य, दुसऱ्याप्रमाणे वीस महिन्यांचे दोन लाख. उशीर समन्स न बजावल्याने, तारखा मागितल्याने, लेखी म्हणणे (उत्तर) वेळेत न दिल्याने होतो. त्यातले फारच थोडे अर्जदाराच्या हातात असते. तरी तोटा तिचाच. उशीर करणाऱ्याला बक्षीस देणारी ही व्यवस्था दीर्घकाळ चालली, हे कायद्याच्या इतिहासातले वाईट पान आहे. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवले: सर्व कायद्यांखालची पोटगी अर्जाच्या तारखेपासून.

त्याच निकालाने उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना सक्तीचे केले. शहरी कुटुंबांसाठी एक नमुना आहे, शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी दुसरा. त्यामुळे सातबारा आता पगाराच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा झाला आहे. उत्तर देणाऱ्याला म्हणणे आणि प्रतिज्ञापत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवडे आहेत; टाळाटाळ चालूच राहिली तर बचाव रद्द होऊ शकतो. चूक बहुधा रकान्यांत होते. ‘लागू नाही’ लिहून सोडलेला भविष्य निर्वाह निधी, आईच्या नावावरचा पण हप्ते स्वतः भरत असलेला फ्लॅट, अर्ज दाखल झाल्यावर दिलेला राजीनामा. बँकेचा उतारा शेजारी ठेवून वाचले की हे सगळे दिसते, म्हणून जाणता वकील आधी उतारा मागतो. अर्जदारानेही आपली नोकरी किंवा शिकवणीचे उत्पन्न दडवू नये. लपवलेले पाच हजार बाहेर आले की उरलेल्या सगळ्या खऱ्या म्हणण्यावर सावली पडते.

‘पगाराचे २५ टक्के’ हे सूत्र २०१७ च्या एका निकालातून लोकांच्या तोंडी बसले. त्या प्रकरणात तेवढे प्रमाण वाजवी मानले गेले होते, नियम म्हणून घातलेले नाही. राहणीमान, मुलांचा खर्च, घरभाडे, देणाऱ्यावर अवलंबून असलेली माणसे, सगळे मोजले जाते.

रकमा एकमेकांत धरण्याचा प्रश्न उरतो. हिंसाचाराच्या अर्जात आठ हजार मिळाले आणि नंतर कलम १२५ खाली बारा हजार, तर मिळून वीस की बाराच? २०२० च्या निकालानुसार आधीचा हुकूम पुढच्या न्यायालयाला सांगणे बंधनकारक आहे आणि त्याने तो विचारात घ्यायचा आहे. पण बारा हजारांत आधीचे आठ धरले आहेत की वेगळे, हे हुकुमात लिहिलेले नसेल तर वसुलीच्या वेळी पुन्हा भांडण. ते एक वाक्य हुकूम होतानाच मागून घ्यावे.

वसुलीचीही मुदत आहे. कलम १२५ खाली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुली वॉरंटचा अर्ज करावा लागतो. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत दीड वर्ष थांबले की जुने महिने या मार्गाने हातचे जातात. न भरलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगून देणे फिटत नाही. दिवाणी हुकुमाची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) असेल तर पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येतो, इतर कर्जांसाठी एवढा करता येत नाही.

मुलांचा ताबा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने आणि हिंदूंसाठी १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने ठरतो. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे, आणि निर्णयाची कसोटी मुलाचे हित. अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात करायचा. ताब्याच्या बदल्यात मुलाची पोटगी सोडून देण्याची अट संमतीच्या घटस्फोटात हमखास दिसते. तो हक्क मुलाचा आहे, आईला तो परस्पर सोडता येत नाही. हिंदू विवाह कायद्यात संमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये आला. दोन टप्प्यांमधले सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात हे २०१७ पासून.

कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा, महाराष्ट्रात ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. त्याच्या कलम १३ प्रमाणे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, म्हणून वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. महाराष्ट्रात १९९४ पासून अशा प्रकरणांत महिलांना न्यायालय शुल्क माफ आहे. कुणी मागितलेच तर तो खर्च कशाचा, हे विचारावे.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. त्याआधी दाखल झालेले अर्ज जुन्याच क्रमांकाने चालतात, त्यामुळे न्यायालयाच्या एकाच दिवशीच्या फलकावर दोन्ही आकडे दिसतात.