फ्लटर

फ्लटर हे गुगलचं ओपन सोर्स टूलकिट आहे, मोबाईल ॲपचे स्क्रीन बनवायला वापरतात, आणि एकदा लिहिलेला कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतो. कोड डार्ट भाषेत लिहायचा, तीही गुगलचीच, २०११ ची. २०१५ मध्ये 'स्काय' नावाने पहिला नमुना दाखवला होता, १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. आता वेब आणि डेस्कटॉपवरही चालतं, पण खरी पकड मोबाईलवरच.

फ्लटर समजून घ्यायचं तर एकच गोष्ट नीट डोक्यात बसली पाहिजे, ते सगळं स्वतः रंगवतं. रिॲक्ट नेटिव्ह हे असंच दुसरं टूलकिट फोनकडे त्याचंच बटण मागतं, फ्लटर फक्त कोरी जागा मागतं आणि बटण, सावली, अक्षरं सगळं स्वतःच्या इंजिनने काढतं. म्हणून दोन्ही फोनवर डिझाइन हुबेहूब सारखं दिसतं. पण इंजिन ॲपसोबत जातं त्यामुळे साइज वाढते, आणि ॲपलने आयफोनचं रूप बदललं तर तुमची बटणं आपोआप बदलत नाहीत. आधी रंगवायचं काम स्किया नावाचं इंजिन करायचं, त्यात शेडर, म्हणजे पिक्सेल कसे रंगवायचे ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम, आयत्या वेळी कंपाइल व्हायचे, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद, तेवढ्यात ते आटपायचं नाही आणि पहिल्यांदा ॲनिमेशन चाललं की झटका बसायचा. म्हणून इम्पेलर हे नवं इंजिन आणलं, त्यात शेडर आधीच तयार असतात, आयफोनवर ते २०२३ च्या ३.१० आवृत्तीपासून डिफॉल्ट आहे.

स्क्रीन ज्या तुकड्यांनी बनतो ते तुकडे म्हणजे विजेट, इथे जवळपास सगळंच विजेट असतं, अगदी पॅडिंग म्हणजे कडेची मोकळी जागासुद्धा. माहिती बदलली हे सेटस्टेटने कळवलं की विजेट बनवणारं बिल्ड फंक्शन परत चालतं, नवीन लोक याला उगाच घाबरतात, विजेट म्हणजे नुसतं हलकंफुलकं वर्णन असतं, प्रत्यक्ष मांडणी आणि रंगकाम खालचे रेंडर ऑब्जेक्ट करतात आणि ते शक्यतो तेच परत वापरले जातात.

लेआउटचा नियम असा, मर्यादा वरून खाली येतात, साइज खालून वर जाते, जागा पॅरेंट, म्हणजे बाहेरचं विजेट, ठरवतो. हा नियम कळला नाही की मजकूर मावत नाही हे दाखवणारे पिवळे-काळे पट्टे भेटतात. रो म्हणजे आडवी ओळ, तिच्यात आयकॉनशेजारी 'सेव्ह' छान मावतं, मराठीत 'केलेले बदल जतन करा' टाकलं की उजवीकडे पट्टे हजर, कारण रो टेक्स्टला रुंदीची मर्यादा देतच नाही. टेक्स्टला एक्सपांडेड या उरलेली जागा देणाऱ्या विजेटमध्ये गुंडाळा, ओळ मोडून खाली येते. हे पट्टे फक्त डीबगमध्ये, म्हणजे ॲप बनवताना, दिसतात, म्हणून मराठी ॲप असेल तर मराठी मजकूर पहिल्या दिवसापासून टाकून बघावा.

हॉट रीलोड हे फ्लटरचं सगळ्यात लाडकं फीचर, आणि ते योग्यच आहे. फॉर्म अर्धा भरलाय, बटणाचा रंग बदलून फाइल सेव्ह केली, क्षणात नवा रंग दिसतो आणि भरलेलं तसंच राहतं. डेव्हलपमेंटमध्ये कोड जेआयटीने, म्हणजे चालता चालता कंपाइल होऊन, चालतो म्हणून हे जमतं, लोकांना द्यायच्या रिलीजमध्ये मात्र थेट मशीन कोड बनतो. विजेट पहिल्यांदा तयार होताना एकदाच चालणाऱ्या इनिटस्टेटमधला बदल असेल तर तो असा दिसत नाही, रीस्टार्ट करावं लागतं.

तारीख निवडायचा डबा वगैरे मराठीत तयार मिळतो, ही चांगली सोय आहे. पण डार्टमध्ये 'मराठी' ची लेंग्थ ५ येते, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. प्रोफाइलच्या गोलात पहिलं अक्षर दाखवायला सरळ शून्यावा इंडेक्स घेतला तर नीताचा नुसता 'न' येतो. तिथे डार्टचं कॅरेक्टर्स पॅकेज वापरायचं, मग 'नी' नीट येतं आणि 'मराठी' पण ३ मोजलं जातं.