पार्श्वभूमी : एका शब्दाचा हायकू आणि सतराचा घोळ

1963 साली तिशीतल्या एका अमेरिकी कवीने स्वतःच्याच छोट्या प्रेसतर्फे एक पातळसं पुस्तक काढलं. त्यातल्या एका पानावर एकच शब्द होता : टुंड्रा. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान लिपीतली. वर शीर्षक नाही, पुढे पूर्णविराम नाही, बाकी पान कोरं. हा हायकू, म्हणजे जपानी वळणाची अगदी छोटी कविता आहे, असं कवीचं म्हणणं होतं.

आपल्याला हा शब्द शाळेच्या भूगोलातून ठाऊक असतो. रोमन लिपीत तो बसका दिसतो. पहिलं आणि चौथं अक्षर तेवढं वर डोकावतं, बाकीची जमिनीला चिकटून. खुरटी झुडपं आणि चहूकडे बर्फ, असं पानच होऊन जातं. देवनागरीत लिहिला की शिरोरेषा त्याच्यावर छप्पर घालते आणि निम्मी गंमत जाते. मोठ्याने वाचला तर उरलेलीही जाते, कारण कोरं पान वाचून दाखवता येत नाही.

यावर आक्षेप व्हायचे ते झालेच. तीन ओळी कुठे, ऋतू कुठे, आणि मुख्य म्हणजे ठरलेले सतरा सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे सतरा तुकडे, कुठे? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं आहेत. जपानीत हायकू बहुधा एकाच उभ्या ओळीत छापतात, तीन ओळी ही अनुवादकांची देणगी. ऋतू तर त्या शब्दातच गोठलेला आहे. सतराची गोष्ट मात्र लांबते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. 1913 मध्ये शिकागोच्या एका मासिकात पॅरिसच्या भुयारी स्टेशनातल्या चेहऱ्यांवर दोन ओळींची एक कविता आली. इंग्रजी हायकूचा उगम बहुतेक जण तिथे दाखवतात. पुढची तीसेक वर्षं तुरळक. मग 1949 ते 1952 या काळात जपानात स्थायिक झालेल्या एका इंग्रजाने टोकियोतून हायकूंवर चार खंड काढले आणि 1958 मध्ये अमेरिकेत हायकूची एक स्वस्त, हाताशी येणारी ओळख पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात अनुवादांना यमकं लावलेली होती, आज वाचताना ती थोडी खटकतात. पण ज्यांना हायकू म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला तो याच पुस्तकांतून.

आपले ‘टुंड्रा’चे कवीही त्याच 1958 साली हायकूपाशी आले. जन्म 1931 चा, मेन राज्यातला. हवाई दलात नोकरी करून झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कवींच्या एका बैठकीत पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कवीने हायकूविषयी काढलेले उद्गार त्यांच्या कानावर पडले आणि ते त्यामागे लागले. पूर्व किनाऱ्यावर परतल्यावर 1960 च्या आसपास न्यूयॉर्कच्या एका कॉफी हाउसमध्ये ते कविता वाचत. पोटापाण्यासाठी पुढे एका मोठ्या वृत्तसाप्ताहिकाच्या लेआउट विभागात नोकरी केली, ती 1988 पर्यंत. पानावरची मोकळी जागा नेमकी किती आणि कुठे, हे ठरवण्यातच या माणसाचे कामाचे तास गेले, हे ‘टुंड्रा’ वाचताना आठवतं.

आता सतरा. अमेरिकी शाळांत मुलांना हायकू शिकवतात ते बोटं मोजून : पाच, सात, पाच सिलॅबल. शिकवायला सोपं आणि तपासायला त्याहून सोपं. मात्र जपानीत मोजतात ते सिलॅबल नव्हेतच. तिथलं माप आहे ‘ओन’. ऱ्हस्व स्वराचा एक ओन, दीर्घाचे दोन, शब्दात थांबलेल्या ‘न्’चा वेगळा एक. ‘टोकियो’ हा इंग्रजी कानाला दोन किंवा तीन सिलॅबलचा शब्द. जपानीत तो तो-ओ-क्यो-ओ, चार ओन. खुद्द ‘हायकू’ इंग्रजीत दोन सिलॅबलचा आणि जपानीत हा-इ-कु, तीन ओनचा.

वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू होतं, म्हणजे तिथेही हिशेब जवळपास तोच. अक्षरगणवृत्त आणि मात्रावृत्त यांची गल्लत आपल्याकडे मॅट्रिकचा विद्यार्थीसुद्धा करत नसे. इंग्रजीत नेमकी तीच झाली, आणि बराच काळ टिकली. परिणाम असा की सतरा सिलॅबल भरायचे म्हणून ओळींत जास्तीची विशेषणं शिरली. जपानी सतरा ओनांइतकाच ऐवज इंग्रजीत साधारण 12 सिलॅबलमध्ये बसतो, असं 1985 च्या एका मार्गदर्शक पुस्तकाने मांडलं. तोवर चांगले कवी मोजणं सोडून बसले होते.

1968 मध्ये न्यूयॉर्कला हायकू लिहिणाऱ्यांची संस्था निघाली आणि शब्दकोशांमधल्या चुकीच्या नोंदी सुधाराव्यात म्हणून तिने व्याख्या करायला घेतली. 1973 ची ती व्याख्या दुपेडी होती. जपानी हायकू म्हणजे सहसा सतरा ‘जिओन’ची (‘ओन’साठी तेव्हा योजलेला शब्द) कविता, परकी रूपांतरं मात्र सहसा तीन ओळींची, सतराहून कमी सिलॅबलची. यातला ‘सहसा’ फार मोलाचा. ‘जिओन’ मात्र टिकला नाही, काही वर्षांत त्याच्या जागी ‘ओन्जी’ आला आणि तो इंग्रजीतल्या हायकूविषयक लेखांत सर्रास दिसू लागला. जपानी येत नसलेले लेखकसुद्धा तो ठसक्यात वापरत. जपानी लोकांपुढे उच्चारला की त्यांना मात्र कळत नसे. जपानात राहणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासकाने 1999 मध्ये या शब्दाचा माग काढला. निघालं ते असं : ओन्जी म्हणजे ध्वनी दाखवणारी खूण, लिपीतलं चिन्ह. मोजायचं एकक नव्हेच, आणि शब्दही कधीचा वापरातून गेलेला. मात्रा मोजायला बसलेला माणूस वेलांटी मोजून उठावा, तसला प्रकार. 2004 मध्ये संस्थेने नवी व्याख्या केली. ‘ओन’ हा साधा शब्द आला, आणि सतरा हा आकडा व्याख्येतून निघून खालच्या टिपेत जाऊन बसला.

संस्थेचा तो उशीर माझ्या मते अनावश्यक होता, कारण निकाल संग्रहांनी आधीच लावला होता. आपल्या कवींनी इंग्रजी हायकूंचा पहिला मोठा प्रातिनिधिक संग्रह 1974 मध्ये संपादित केला. सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या 1986 आणि 1999 मध्ये निघाल्या. शेवटचीत कविता साडेआठशेच्या आसपास. 1978 मध्ये ते त्या संस्थेचे अध्यक्षही होते. कोणता हायकू चांगला, हे त्यांनी बोटांवर ठरवलं नाही. अगदी छोट्या, एका ओळीच्या कविताही त्यांनी घेतल्या. सतराचे आग्रही त्यांच्यावर नाराज असत आणि त्यांचंही काही अगदीच चूक नव्हतं : ठरलेलं माप नसलं की आळशी कवितेचं फावतं. तेही संग्रहांच्या बाहेर पुष्कळ झालं.

2002 मध्ये जपानातल्या मात्सुयामा शहरात त्यांना आंतरराष्ट्रीय हायकू पुरस्कार मिळाला. आधुनिक हायकूचा प्रणेता 1867 मध्ये याच गावात जन्मला. तो बेसबॉलवेडाही होता, 1890 पासून त्या खेळावर हायकू लिहीत होता, आणि त्याच 2002 साली जपानच्या बेसबॉलच्या मानकऱ्यांत त्याचं नाव लागलं. आपल्या कवींनी 2007 मध्ये एका जपानी अनुवादिकेसह निव्वळ बेसबॉलच्या हायकूंचा संग्रह काढला. चेंडू सुटण्याआधीची शांतता त्यांना कोऱ्या पानासारखी वाटली असेल तर नवल नाही.

2002 च्या त्या हायकू पुरस्काराच्या मानकऱ्यांत एक भारतीयही होते. दिल्लीत जपानी भाषेचे प्राध्यापक, आणि 1978 पासून अंतर्देशीय पत्रावर हिंदी हायकूंचं पत्रक काढणारे. निळ्या कागदाच्या तीन घड्यांत मावेल तेवढंच छापायचं!

मराठीत हायकू सत्तरच्या दशकात एका कवयित्रीमुळे रुजला, तोही इंग्रजी अनुवादांच्या वाटेने. तीन ओळी ठेवल्या, यमकही पुष्कळदा ठेवलं, सतराचं ओझं घेतलं नाही. अलीकडच्या ऑनलाइन स्पर्धांत मात्र 5-7-5 अक्षरांची अट हटकून असते. ‘टुंड्रा’ तिथे पहिल्याच चाळणीत बाद होईल. अक्षरं दोन, मात्रा चार. जपानीत त्सु-न्-दो-रा, म्हणजे ओनही चारच.