जोडलेली बंदूक आणि घडवलेली बंदूक

अमेरिकेत कोणी घरी बंदूक तयार केल्याची बातमी आली की आपल्याकडे ती हमखास ‘घोस्ट गन’, म्हणजे क्रमांक नसलेली आणि माग न लागणारी बंदूक, ठरते, आणि दोन परिच्छेदांनंतर तिचा ‘गावठी कट्टा’ झालेला असतो. तिथल्या हौशी लोकांपैकी बरेचजण ज्याला ‘बंदूक बनवणे’ म्हणतात, ते प्रत्यक्षात बंदूक जोडणे असते. घडवणे हा निराळा प्रकार आहे, आणि दोहोंतला फरक हातांनी किती काम केले यावर मुळीच ठरत नाही.

जोडणे म्हणजे काय, हे ज्याने कधी सुटे भाग आणून घरी संगणक उभा केला आहे त्याला सांगावे लागणार नाही. टेक्सासमधल्या माझ्या मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये मी हा छंद जवळून पाहिला आहे. टेबलावर रबरी चटई, तिच्यावर वेगवेगळ्या पेट्यांतून आलेली नळी, दस्ता, चापाचे सुटे भाग. आणि एक इवलीशी स्प्रिंग उडून कपाटामागे गेल्यामुळे गुडघ्यांवर बसून ती शोधणारा पन्नाशीचा गृहस्थ. ही रायफल एआर-15 जातीची होती. (‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. 1950 च्या दशकात तिची रचना करणाऱ्या आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून ती अक्षरे आली आहेत, आणि हे किती वेळा सांगावे याला आता सुमार राहिलेला नाही.)

त्या पसाऱ्यात तळहाताएवढा, करड्या रंगाचा एक अॅल्युमिनियमचा तुकडा होता आणि त्याच्या कडेला क्रमांक कोरलेला होता. चापाचे भाग ज्यात बसतात त्या या सांगाड्याला लोअर रिसीव्हर म्हणतात. घोळ होतो तो नेमका इथे. 1968 च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार बंदुकीची फ्रेम किंवा रिसीव्हर हा एकच भाग स्वतः ‘बंदूक’ असतो. त्यातून गोळी सुटणे शक्य नसले तरीही. नळी, दस्ता, दुर्बीण हे केंद्रीय कायद्याच्या लेखी सामान्यतः नुसते सुटे भाग आहेत आणि ते टपालाने घरी येतात. आपल्याकडे गाडीचा चासी नंबर असतो, तसेच हे आहे: टायर बदला, सीट बदला, आरटीओच्या दृष्टीने गाडी तीच. मेव्हण्याने तो तुकडा परवानाधारक दुकानातून घेतला होता, बंदूक खरेदीचा 4473 क्रमांकाचा अर्ज भरला होता आणि त्याची पार्श्वभूमी तपासली गेली होती. उद्या ती रायफल एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर क्रमांकावरून कारखाना, तिथून दुकान आणि दुकानाच्या दप्तरातून पहिला खरेदीदार असा माग काढता येतो. घरी जोडलेली असली, तरी अशा बंदुकीला ‘घोस्ट’ म्हणणे ही शुद्ध चूक आहे.

घडवणे सुरू होते ते हा क्रमांकाचा भागच माणूस स्वतः तयार करतो तेव्हा. ज्याला शस्त्र बाळगण्यास बंदी नाही अशा व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी बंदूक घडवली, तर केंद्रीय कायदा परवाना मागत नाही आणि सामान्यतः क्रमांकही मागत नाही. विक्रीचा धंदा मात्र परवान्याशिवाय करता येत नाही. कॅलिफोर्नियासारखी राज्ये याहून कडक आहेत. या मोकळिकीतून अर्धवट घडवलेल्या रिसीव्हरांचा आणि संपूर्ण संचांचा बाजार उभा राहिला. त्यांना ‘ऐंशी टक्के’ म्हणतात, तो विक्रेत्यांचा शब्द आहे. कायद्यात अशी टक्केवारी कुठेही नाही, त्यामुळे तो शब्द बातमीत कायदेशीर संज्ञा म्हणून वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. 2022 च्या केंद्रीय नियमाने सहज पूर्ण करता येणारे असे संच व रिसीव्हर बंदुकीच्या व्याख्येत आणले, म्हणजे विक्रेत्याला क्रमांक आणि तपासणी बंधनकारक झाली. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो नियम टिकवला. त्या दिवशी ‘घरगुती बंदुकांवर बंदी’ असे मथळे वाचून मी कपाळाला हात लावला, कारण बंधन आले होते ते विक्रीवर. छंदावर बंदी आलेली नव्हती.

कारखान्यात बनलेल्या बंदुकीवरचा क्रमांक कानशीने घासून टाकणे हा वेगळा गुन्हा आहे. तिला घडवलेल्या बंदुकीत ढकलू नये.

हे वाचून कोणाला हौस वाटू लागली असेल, तर भारतात जोडणे आणि घडवणे हा भेदच उपयोगाचा नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, म्हणजे तिथे एक तुकडा बंदूक, तर इथे प्रत्येक तुकडा शस्त्र. कलम 5 नुसार बनवणे, रूपांतर करणे, एवढेच काय दुरुस्त करणे यालाही स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही, म्हणून खिळखिळा झालेला चापसुद्धा परवानाधारक कारागिराकडेच न्यावा लागतो.