युद्धकाळातील परकीय नागरिकांची नोंदणी व नियंत्रण (पुणे परिसर)

युद्ध चालू असताना देशात राहणाऱ्या परदेशी लोकांची नावे, पत्ते आणि हालचाली सरकारदप्तरी नोंदवणे व सरकारला वाटेल तेव्हा त्यांना ठरावीक जागी स्थानबद्ध करणे, यासाठी केलेल्या नियमांची व्यवस्था. ब्रिटिश हिंदुस्थानात परकीयांविषयीचा कायदा १८६४ पासून होता. त्याला खरी धार दोन महायुद्धांत आली.

पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, स्वतंत्र वटहुकूम निघाला आणि जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या मुंबई-पुणे मिशनला याचा मोठा फटका बसला, कारण तिथले बहुतेक पाद्री जर्मन होते. काहींना स्थानबद्ध केले, काहींना मायदेशी पाठवले. पुढे त्यांची जागा स्पॅनिश जेझुइटांनी घेतली.

परकीय नोंदणी कायदा ८ एप्रिल १९३९ चा, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटण्याच्या पाच महिने आधीचा. ब्रिटिश प्रजाजन किंवा संस्थानी प्रजाजन नसलेला माणूस परकीय, अशी त्याची ढोबळ व्याख्या. मित्रराष्ट्राचा की शत्रूराष्ट्राचा, हा भेद त्यात नव्हता. आल्याची वर्दी देणे, पत्ता बदलल्यास कळवणे, जाताना सांगून जाणे आणि मागितल्यास ओळखीचा पुरावा दाखवणे, ही बंधने सरकारला नियमांनी घालता येत. हॉटेल, खाणावळवजा वसतिगृह किंवा सराई चालवणाऱ्यालाही उतरलेल्या परकीयाचे नाव कळवायला लावता येई. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच. परकीयाने नियम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबईत हे काम पोलिस आयुक्तांकडे होते. पुण्यात तेव्हा आयुक्तालय नव्हते, त्यामुळे ते जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे असे.

ऑगस्ट १९३९ मध्ये परकीयांविषयी वटहुकूम आला, १९४० मध्ये त्याचा कायदा झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये धरपकड सुरू झाली तेव्हा नोंदवहीतल्या नावांचा उपयोग उघडच होता. पण कायदा पारपत्र पाही, मत नव्हे. त्यामुळे हिटलरच्या छळाला कंटाळून मुंबई-पुण्याकडे आलेले ज्यू निर्वासितही जर्मन म्हणूनच धरले गेले. चौकशीनंतर पुष्कळांना सोडले; १९४० च्या मध्यात फ्रान्स पडल्यावर धोरण पुन्हा कडक झाले. जूनमध्ये इटली युद्धात उतरल्यावर इटालियनांची पाळी आली आणि डिसेंबर १९४१ नंतर जपान्यांची. जर्मन पुरुषांना आधी अहमदनगर, मग देवळाली आणि १९४१ पासून डेहराडूनजवळच्या प्रेमनगर छावणीत हलवण्यात आले.

पुण्याच्या आग्नेयेला सुमारे चाळीस किलोमीटरवरचा पुरंदर किल्ला या व्यवस्थेत ‘पॅरोल’ छावणी होता. अशीच एक छावणी साताऱ्याला होती. गोऱ्या सैनिकांसाठी गडावर पूर्वीच आरोग्यधाम होते, त्यामुळे राहण्याजोग्या इमारती तयारच होत्या. शत्रूराष्ट्रीय कुटुंबे आणि ज्यू निर्वासित यांना तिथे ठेवले. ठरलेली हद्द ओलांडणार नाही असे वचन घेऊन आत फिरण्याची मुभा मिळे; पत्रव्यवहार मात्र तपासला जाई. कलेतिहासकार डॉ. हर्मन गोएट्झ यांनी इथल्या स्थानबद्धतेत गडाचा अभ्यास केला आणि पुढे त्यावर लिहिलेही. शंभूराजांचा जन्म आणि १६६५ चा तह यांसाठी गडावर जाणाऱ्या पुणेकराला हे प्रकरण सहसा ठाऊक नसते.

गांधीजींना ऑगस्ट १९४२ पासून आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, त्याची या छावण्यांशी गल्लत करू नये. ती अटक भारत संरक्षण नियमांखाली होती. त्यांपैकी खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा नियम २६ फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे खटल्यात कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून ती फट बुजवली.

युद्ध संपल्यावर हे अधिकार मागे घेतले गेले नाहीत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ते जवळजवळ तसेच कायम केले आणि स्वतंत्र भारताने ते वापरले. १९६२ च्या चीन युद्धात आसाम व उत्तर बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथे ठेवले गेले. १९३९ व १९४६ चे दोन्ही कायदे १ सप्टेंबर २०२५ पासून रद्द होऊन त्यांच्या जागी आप्रवासन व परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. परकीय पाहुण्याची माहिती कळवण्याचे बंधन त्यातही असून हॉटेलांबरोबर विद्यापीठे व रुग्णालयेही आता त्याच्या कक्षेत येतात.