उकळत्या पाण्यात आखडलेला पट्टा

कपाटातल्या कमरेच्या पट्ट्यावर बुरशी चढली होती. उष्णतेनं बुरशी मरते हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, म्हणून पट्ट्याचं भोकांकडचं टोक नुकत्याच उकळलेल्या पाण्यात बुडवलं. पाच-सात सेकंदांत ते हातातल्या हातात वळलं आणि आखडलं. पहिल्या आणि पाचव्या भोकात चार इंचांचं अंतर होतं, ते अडीच इंचांवर आलं. जाडी मात्र वाढली. वाळल्यावर नखानं वाजवलं तर लाकडासारखी टकटक. बुरशी गेली, हे कबूल करायला हवं.

“पाण्यानं लेदर आखडतं,” असं यावर सगळ्यांनी सांगितलं. पण हाच पट्टा कितीतरी वेळा पावसात भिजला होता आणि बिनतक्रार वाळला होता. मग त्या दुपारी काय वेगळं घडलं?

कातडं ‘कमावतात’ असं आपण म्हणतो. गवई आवाज कमावतो, पैलवान शरीर कमावतो, त्याच क्रियापदात कातडंही बसतं. जनावराचं कच्चं कातडं ओलं ठेवलं तर सडतं आणि वाळवलं तर शिंगासारखं कडक होतं. कमावलेलं कातडं सहजी सडत नाही आणि वाळल्यावरही लवचिक राहतं. ही किमया कशी होते ते समजायला कोलॅजेन नावाच्या प्रथिनाकडे वळायला हवं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कोलॅजेन हा तीन पेडांचा दोर आहे. एकेका पेडात हजाराच्या आसपास अमिनो आम्लं ओवलेली असतात आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असतं. तिन्ही पेड जिथे एकमेकांना भिडतात तिथे इतकी अडचण असते, की ज्याची बाजूची शाखा म्हणजे नुसता एक हायड्रोजन अणू, असं ग्लायसिनच तिथे मावतं. तयार दोर साधारण 300 नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. म्हणजे मीटरभर लांबीची दोरी 5 मिलिमीटर जाडीची असावी, तसा. हे तीन पेड 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी ओळखले. त्यांनी क्ष-किरणांखाली धरलेल्या नमुन्यांत कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंधही होता.

पेड एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी. हे बंध सुटे सुटे दुबळे, पण संख्येनं भरपूर. उष्णता वाढली की रेणू थरथरतात, आणि एका ठरावीक तापमानाला बंध एकापाठोपाठ एक सुटत जातात. पेड मोकळे झाले की ते ताठ राहत नाहीत. ताठ राहायची तऱ्हा एक आणि गुंतून पडायच्या तऱ्हा असंख्य, त्यामुळे गुंतणंच जिंकतं. याला भौतिकशास्त्रात एन्ट्रॉपी वाढली असं म्हणतात. ताणलेलं रबर सोडल्यावर आखडतं, त्यामागेही हाच हिशोब आहे. आता असे अब्जावधी दोर एकाच वेळी गुंतले की पट्टा चार इंचांचा अडीच इंच होणारच. कच्चं कातडं आणखी शिजवत राहिलं तर पेड सुटून पाण्यात विरघळतात. तो झाला सरस. सुतार लाकूड चिकटवायला वापरत आला तोच.

हे ठरावीक तापमान जनावराच्या राहणीवरही ठरतं. थंड समुद्रातल्या कॉड माशाच्या कोलॅजेनचे सुटे रेणू पाण्यात 15 अंश सेल्सियसच्या आसपासच उलगडतात, तर गाईच्या कोलॅजेनचे सुमारे 40 अंशांना. फरक पडतो हायड्रॉक्सीप्रोलिन नावाच्या अमिनो आम्लामुळे, कारण ते जितकं जास्त तितका दोर टिकाऊ. सुटे रेणू एकत्र बांधून धागे झाले की सहनशक्ती वाढते, म्हणून गाईचं ओलं कच्चं कातडं 60 ते 65 अंशांपर्यंत तग धरतं.

‘ओलं’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पाण्याचे रेणू पेडांमध्ये घुसतात, हायड्रोजन बंधांत वाटा मागतात आणि सगळी वीण सैल करतात. कोरड्या कोलॅजेनला उलगडायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. नुसतं पाणी किंवा नुसती ऊब बहुधा चालून जाते. दोन्ही एकत्र आली की घात होतो.

कमावणं म्हणजे या दोरांना आडवे टाके घालणं. जुनी पद्धत वनस्पतींच्या टॅनिनची: बाभळीची साल, हिरडा, ओकची साल. टॅनिनचे मोठे रेणू धाग्यांमधल्या जागा भरतात, कोलॅजेनला अनेक ठिकाणी धरतात आणि मर्यादा 70 ते 85 अंशांपर्यंत नेतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. कोलॅजेनमधल्या ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या कार्बॉक्सिल गटांना क्रोमियम बांधून घेतं आणि मर्यादा 100 अंशांपलीकडे जाते. फ्रीडरिश क्नाप यांनी हा गुण 1858 मध्येच नोंदवला होता, 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत पेटंट घेतल्यावर तो कारखान्यांत पोचला. चामड्याच्या कारखान्यात आजही तुकडा काही मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून बघतात. आखडला नाही तर क्रोम नीट मुरलं. माझा पट्टा टॅनिनचा निघाला. युरोपात मध्ययुगात असंच चामडं मुद्दाम गरम पाण्यात कडक करून चिलखतं बनवत. मी नकळत दोन बोटं चिलखत बनवलं होतं.

‘लेदर श्वास घेतं, त्याला खाऊ घाला’ असं क्रीमच्या डब्यांवर लिहिलेलं असतं. लेदर मेलेलं आहे, ते काही खात नाही. त्याचे धागे हवेतली वाफ शोषतात आणि सोडतात, एवढंच त्यात खरं. तेलाचं काम वंगणाचं आहे. वाळताना धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यातच ते तेल मुरवलेलं असतं. वरून भरमसाट तेल चोपडलं तर चामडं ढिलं पडतं आणि धूळ धरतं. ‘क्रोम म्हणजे विष’ हाही सरसकट आरोप चुकीचा आहे, कारण कमावायला वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. धोका षट्संयुजी रूपाचा, आणि त्वचेला लागणाऱ्या चामड्यात ते किलोला 3 मिलिग्रॅमहून कमीच असावं, अशी मर्यादा युरोपीय संघात 2015 पासून आहे.

चामडं भिजलं तर फडक्यानं टिपून घ्यावं, बुटात कागदाचे बोळे भरावेत आणि सावलीत, वाहत्या हवेत वाळू द्यावं. हीटरसमोर, सायलेन्सरजवळ किंवा कडक उन्हात नको. साबण जपून वापरावा, कारण चामडं आम्लधर्मी असतं आणि नेहमीचा साबण अल्कधर्मी. टॅनिनच्या ओल्या चामड्याला लोखंडी बक्कल टेकू देऊ नये. लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. जुन्या काळची शाई याच मिश्रणाची असे. आपलं चामडं कोणतं ते कापलेल्या कडेवरून बरेचदा कळतं. आतून निळसर राखाडी दिसलं तर क्रोम, तपकिरी दिसलं तर बहुधा टॅनिन.

पृष्ठभागावर पांढरं दिसलं की ती बुरशीच असेल असंही नाही. आतलं मेण किंवा चरबी कधीकधी वर येऊन गोठते. चामडं कोरडं असताना हेअर ड्रायरची मंद हवा लांबून दाखवावी. पांढरेपणा वितळून नाहीसा झाला तर ती चरबी, तसाच राहिला तर बुरशी. मी हे आधी केलं असतं तर पाणी उकळायच्या फंदात पडलोच नसतो, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकावरचा पांढरा थर नंतर अर्ध्या मिनिटात वितळून गेला.