बदललं तेवढंच पाठवा

संध्याकाळी मुंबईहून सुटलेली पंचवटी एक्सप्रेस चारेक तासांत नाशिकरोडला येते. १९९०च्या आसपास कुणी १.४४ एमबीच्या दहा फ्लॉपी पिशवीत टाकून या गाडीत बसला, तर तो तेव्हाच्या मॉडेमला, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून फाइल पाठवणाऱ्या यंत्राला, सहज हरवायचा. सेकंदाला २४०० बिट्स, म्हणजे साधारण २४० अक्षरं. एका फ्लॉपीएवढी फाइल यायला पावणेदोन तास, दहांना सतरा! तेही एसटीडीच्या मीटरवर, आणि लाइन एकदाही तुटली नाही असं धरून.

लाइन तुटायचीच. खरखर तर नेहमीची. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये त्यावर एक्समोडेम हा साधा तोडगा काढला. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे आणि प्रत्येकासोबत त्याची बेरीज पाठवायची. पलीकडच्या कॉम्प्युटरची बेरीज जुळली तर पुढचा तुकडा, नाही तर तोच पुन्हा. दोन बाइटांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच येते, म्हणून पुढे सीआरसी ही कडक तपासणी आली. आणि तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे सुरू करण्याची सोय १९८६च्या झेडमोडेममध्ये मिळाली. माझ्या मते ग्राहकाचे सगळ्यात जास्त पैसे हिनेच वाचवले असतील.

पण खरी युक्ती पाठवण्यात नव्हती, न पाठवण्यात होती. समजा, सातपूरच्या कारखान्यातला हिशेबनीस ऐन मार्चअखेरीला अडलाय. ‘स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा’ असं फोनवर विचारत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने मॉडेमने थेट त्याच्या कॉम्प्युटरवर यावं, अशी सॉफ्टवेअरं तेव्हाही होती. पंचवीस ओळी, प्रत्येकीत ८० अक्षरं, म्हणजे अख्खी स्क्रीन पाठवायला आठ सेकंद. एक आकडा बदलला म्हणून दर वेळी आठ सेकंद कोण थांबणार? त्यापेक्षा आधीची स्क्रीन लक्षात ठेवायची आणि बदललेली अक्षरंच धाडायची. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरची कर्सेस ही लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, १९८०च्या सुमारापासून हेच करत होती.

प्रोग्रॅमच्या दुरुस्तीलाही हाच न्याय लागला. दोन फाइलींतला फरक काढणारा ‘डिफ’ बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकातच तयार झाला होता. १९८५ मध्ये लॅरी वॉलने ‘पॅच’ लिहिला. तो फरकाची यादी घेऊन जुन्या फाइलची नवी करून द्यायचा. गंमत म्हणजे तो नुसत्या ओळ-क्रमांकावर विसंबत नसे. बदलाच्या मागच्या-पुढच्या ओळी जुळवून जागा शोधायचा, त्यामुळे ग्राहकाने मधे स्वतःच्या चार ओळी घुसडल्या असल्या तरी काम बहुधा भागायचं.

हे झालं माणसाला वाचता येणाऱ्या मजकुराचं. तयार प्रोग्रॅमच्या फाइलीत मात्र मोठी पंचाईत होते. व्यापारी संकुलात मधेच एक नवा गाळा काढला की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि प्रत्येकाची बिलबुकं बदलावी लागतात. तसंच प्रोग्रॅममध्ये चार सूचना वाढल्या की पुढच्या सगळ्या पत्त्यांचे, म्हणजे कोणती सूचना कुठे आहे ते सांगणारे, आकडे बदलतात. दुरुस्ती चिमूटभर, फरक ढीगभर.

अशाच फाइलींतला फरक काढणाऱ्या कॉलिन पर्सिव्हलच्या बीएसडिफने २००३ मध्ये हा ढीग बराच कमी केला. २००९ मध्ये गूगलने क्रोमसाठी ‘कूर्जेट’ आणलं. ते पत्त्यांना आधी नावं देतं, मग फरक काढतं, कारण नाव सरकत नाही. गूगलनेच दिलेल्या एका उदाहरणात पूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइटांचं होतं, बीएसडिफने ते ७,०४,५१२ वर आलं आणि कूर्जेटने ७८,८४८ वर.

या काटकसरीला एक अट मात्र आहे: ग्राहकाकडची जुनी फाइल कंपनीकडच्या जुन्या फाइलसारखीच, बिटाला बिट जुळणारी हवी. म्हणून फरक लावण्याआधी ती तपासली जाते. शिवाय नवी फाइल तयार होईपर्यंत जुनीही ठेवावी लागते. पाच-दहा एमबीच्या अपडेटसाठी फोन त्याच्या कितीतरी पट जागा मागतो, तो यासाठीच. आणि जुनी फाइल जुळली नाही, तर फरक बाजूला ठेवून अख्खं सॉफ्टवेअर नव्याने उतरवावं लागतं.